राबणाऱ्याच्या मनाचा हिशेब

बालाघाटच्या पठारावरील भूम तालुक्यात पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतांशी हलकी आणि पाटाचे पाणी दुर्मिळ. अशा मुलखातील कुणब्याने गाईम्हशींच्या आधाराने आपला प्रपंच तोलून धरला, आणि दूध नासण्यापूर्वी ते शहराच्या पेठेत पोचविण्याची सोय ज्या काळी नव्हती त्या काळी त्याच दुधाचा खवा करून ते टिकविण्याची युक्ती त्याला साधली. कुंथलगिरीच्या जैन तीर्थाला येणाऱ्या यात्रेकरूंनी इकडचा पेढा गावोगाव नेला, धुळे-सोलापूर मार्गावरील सरमकुंडी फाट्यावर त्याची दुकाने उभी राहिली, आणि धाराशिव जिल्ह्याच्या या कोपऱ्यातला खवा दूरदूरच्या शहरांतील हलवायांच्या कढयांपर्यंत जाऊ लागला. ईट आणि त्याच्या आसमंतातील खेड्यांत या व्यवसायाच्या भट्ट्या आहेत. त्या भट्ट्यांवर, तसेच याच परिसरातील शाळांत, दवाखान्यांत आणि पतसंस्थांत राबणाऱ्या माणसांविषयी, आणि त्याहूनही त्यांच्याकडून काम करून घेणारांविषयी, आज लिहावयाचे आहे. कारण ‘माणसे टिकत नाहीत, आणि टिकली तरी मन लावून काम करीत नाहीत’ ही जी तक्रार भट्टीच्या मालकापासून मोठ्या हुद्द्यावरील अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी ऐकू येते, तिचे मूळ काम घेणाराच्याच एका समजुतीत आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

भट्टीवरचे काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातील कष्टांची कल्पना येत नाही. पहाटे दूध येते, मापले जाते, गाळले जाते, आणि मोठ्या लोखंडी कढईत ओतून खाली जाळ लावला जातो. मग तास-दीड तास लांब दांड्याचे उलथणे कढईच्या तळाशी घासून सारखे फिरवीत राहावयाचे, कारण हात क्षणभर थांबला की दूध तळाला लागते आणि त्या करपट वासाने सगळा खवा वाया जातो. दूध आटून घट्ट होऊ लागले की जाळ ओढावयाचा, पण किती ओढावयाचा आणि केव्हा, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते डोळ्यांना आणि मनगटाला ठाऊक असते. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा उतरतो, म्हणजे उरलेला सगळा भाग वाफ होऊन राबणाऱ्याच्या तोंडावर येतो. उन्हाळ्यात त्या छपराखाली उभे राहणे हीच एक शिक्षा असते.

ईटच्या बाजूच्या अशाच एका भट्टीची हकीकत माझ्या पाहण्यातली आहे. मालक सचोटीचा, मजुरी बुडविणारा नव्हे. सणासुदीच्या तोंडावर मागणी वाढली तेव्हा त्याने, ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक कढया उतरवील त्याला प्रत्येक कढईमागे जादा पैसे, असे जाहीर केले, आणि आता माणसे उत्साहाने कामाला लागतील अशी त्याची प्रामाणिक अपेक्षा होती. भट्टीवर तिघेजण होते. त्यांतील एक पन्नाशीकडे झुकलेला कारागीर. त्याच्या हातच्या खव्याचा रवाळपणा व्यापारी बोटांच्या चिमटीत घेऊन ओळखीत असत, आणि ‘हा तुमच्या हातचा ना?’ असे कोणी विचारले की त्याचा दिवस सार्थकी लागे. दुसरा एक तरणा पोर. वडिलांच्या दुखण्यात सावकाराचे देणे झालेले, आणि बाजाराच्या दिवशी हातात रोख रक्कम पडणे हीच त्याची आठवड्याची मोठी निकड. तिसरी एक बाई. दुधाचे कॅन घासणे, खव्याचे गोळे बांधणे, वजन करून ते रचून ठेवणे ही तिची कामे, आणि शाळा सुटण्याच्या वेळी घरी असावे एवढाच तिचा मालकापाशी अर्ज. जादा पैशांची ती योजना ऐकून तरणा पोर खूश झाला. बाईला वाढीव वेळ थांबणे अशक्य असल्याने जे मिळणार नाही त्याची रुखरुख तेवढी तिच्या वाट्याला आली. आणि त्या जुन्या कारागिराने, घाईने उतरविलेल्या खव्याला आपले नाव लागू नये म्हणून, दिवाळी होताच दुसरी भट्टी धरली. ‘पैसे वाढवून दिले तरी माणसे नाखूशच’ असे मालक मला खेदाने म्हणाला. त्याचा खेद खरा होता, आणि त्याने दिलेले पैसेही खरे होते. आपल्याला जे मोलाचे वाटते तेच समोरच्यालाही मोलाचे वाटत असणार, हे त्याने गृहीत धरले, इतकीच त्याची कसूर.

ही कसूर एकट्या त्याची नाही. जो स्वतः पैशाच्या ओढीने वर आला त्याला सगळी माणसे पैशाने हलतात असे वाटते. जो मानाचा भुकेला असतो तो शाल-श्रीफळ देऊन निश्चिंत होतो. आणि ज्याने आयुष्यभर सुरक्षित नोकरी केली त्याला, कायमच्या नेमणुकीपलीकडे कोणाला काही हवे असेल, याची कल्पनाच करवत नाही. वरिष्ठाच्या अंगी दुष्टपणा नसतानाही कनिष्ठाची उमेद मरते ती बहुधा अशा रीतीने.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेला या प्रश्नाची जाण मुळीच नव्हती असे म्हणता यावयाचे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. अलुत्या-बलुत्यांची कामे, त्यांची सुगीतील पेंढी, आणि सणावारी व लग्नकार्यांत त्यांचे हक्क व मानपान यांचे जे चित्रण त्या ग्रंथात आहे, ते वाचताना ध्यानात येते की केवळ धान्याच्या मापावर माणूस बांधला जात नाही हे गावाला पुरते उमगलेले होते, आणि म्हणून पोळ्याला, होळीला, देवाच्या पालखीला कोणाचा हात प्रथम लागावयाचा याचेही शिरस्ते घालून दिलेले होते. परंतु त्या व्यवस्थेचा घोर अन्यायही याच ठिकाणी आहे. माणसाला काय हवे, हे तिथे जन्माबरोबर ठरत असे. लोहाराच्या मुलाला लोहाराचेच काम प्रिय असणार, आणि ज्यांच्या वाट्याला गावाने सर्वांत हीन मानलेली कामे लावून दिली त्यांना त्याहून अधिक कशाची इच्छाच नसणार, असे गृहीत धरून शतकानुशतके कोणाला काही विचारलेच गेले नाही. बलुते मोडले, हे उत्तम झाले. पण न विचारता दुसऱ्याच्या मनाचा निवाडा करण्याची ती खोड मात्र आपल्या कचेऱ्यांतून अद्याप वावरत आहे. ‘बायकांना बैठे काम बरे पडते’, ‘खेड्यातल्या पोराला बढतीचे काय’, ‘हा वर्ग असाच’ ही वाक्ये ज्यांनी कोणत्याही दफ्तरात चार वर्षे काढली आहेत त्यांच्या कानांना अपरिचित नाहीत.

याउलट, जाणत्या धन्याची रीत कशी असते याचा एक नमुना आपल्या इतिहासात फार जुना आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लिहिलेल्या बखरीत, अफजलखानाच्या पारिपत्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांची जी संभावना केली तिचा वृत्तांत आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांचे चालविण्याची व्यवस्था केली. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून होन दिले. आणि ज्यांनी पराक्रमाची शर्थ केली त्यांना हत्ती, घोडे, कडी, कंठमाळा, तुरे अशी बक्षिसे दिली. या यादीचा क्रम मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. मेलेल्याच्या घरी तुरा पाठविला नाही, आणि नामांकित धारकऱ्याच्या हातावर नुसते होन ठेवले नाहीत. विधवेला निर्वाहाची हमी, जखमीला औषधपाण्यापुरते रोख द्रव्य, आणि वीराला चारचौघांत मिरवता येईल असे चिन्ह, अशी ज्याची त्याची गरज ओळखून वाटणी झाली. आणि या सर्वांच्या तळाशी, स्वराज्यात वेतन रोख व नियमाने देण्याचे जे धोरण होते ते होते, हे विसरून चालणार नाही.

आधुनिक काळात महाराष्ट्रातील ज्या एका कारखानदाराचे उदाहरण या बाबतीत मनापासून द्यावेसे वाटते ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला. त्या संस्थेने त्यांचे वेतन बुडविले नव्हते, त्यांना उपाशी ठेवले नव्हते. त्यांच्या गुणांची किंमत मात्र कातडीच्या रंगावरून केली, आणि एवढ्या एका गोष्टीने असा शिक्षक तिच्या हातचा गेला. पुढे बेळगावात वडील बंधू रामचंद्रराव यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर, आणि लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होईल या समजुतीने तो नांगर घेण्यास शेतकरी कचरत असता दोन-दोन वर्षे धीर धरून बसणे. हा सगळा पूर्वभाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगतचा माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या ओसाड जागेवर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

त्या माळावर लक्ष्मणरावांनी गोळा केलेल्या माणसांची नामावळी पाहण्यासारखी आहे. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांच्या कामाला शंभुराव जांभेकर, आणि त्यांच्या जोडीला अनंतराव फळणीकर; हे फळणीकर शाळेच्या चौकटीत टिकले नव्हते, परंतु यंत्राविषयी त्यांची कल्पकता विलक्षण होती, आणि ज्या काळात नोकरीचा दरवाजा शाळेच्या दाखल्याने उघडत असे त्या काळात लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती कारखान्याचे काम दिले. आणि वसाहतीच्या रखवालीवर नेमले कोण, तर दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्या माणसांवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, ज्यांना गावात कोणी उभे करीत नव्हते, त्यांच्या हवाली कारखान्याची मालमत्ता आणि बायकामुलांची झोप करणे हे साहस होते यात शंका नाही. पण त्या साहसाच्या मागे मनुष्यस्वभावाची फार बारीक पारख होती. फळणीकरांना मोकळीक हवी होती, चुका करून पाहण्याची मुभा हवी होती. या दोघांना इतबार हवा होता. तो त्यांना पूर्वी कोणी दिला नव्हता, म्हणूनच तो मिळाल्यावर त्यांनी तो प्राणापलीकडे जपला. हाच हिशेब उलटा केला असता, म्हणजे फळणीकरांना नियमांच्या हजेरीपटात जखडले असते आणि त्या रखवालदारांवर दुसरे रखवालदार नेमले असते, तर दोन्ही ठिकाणी वेतन तेवढेच देऊनही काय हाती लागले असते, याचा विचार प्रत्येक चालकाने करून पाहावा. स्वतः एकदा डावलला गेलेला मनुष्य दुसऱ्याला डावलताना निदान थबकतो, असे म्हणावेसे वाटते. सर्वच डावललेले असे थबकत नाहीत, हेही तितकेच खरे, आणि म्हणून लक्ष्मणरावांचे मोठेपण अधिक.

त्याच औंध संस्थानात पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आणि राजेसाहेबांच्या संमतीने, कैद्यांना उंच भिंतींशिवाय, बायकामुलांसह, शेतीवर राबवीत ठेवण्याचा तो प्रयोग होता, आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावर आधारलेला आहे. बेड्यांच्या भीतीने जो राबत नाही तो आपल्या मुलाच्या नजरेत चांगले ठरण्यासाठी राबू शकतो, हे तिथे दिसून आले.

पाश्चात्त्य देशांतील पंडितांनीही या विषयाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली असा सिद्धांत मांडला की पगार, देखरेख, कामाच्या जागेची सोय या गोष्टी अपुऱ्या असल्या तर माणूस असंतुष्ट होतो, परंतु त्या पुऱ्या केल्याने त्याला उमेद येतेच असे नाही. उमेद येते ती हातून काही घडल्याच्या जाणिवेने, कदर झाल्याने, जबाबदारी मिळाल्याने. सिद्धांत विचारप्रवर्तक आहे. तथापि तो आपल्याकडे जसाच्या तसा उचलताना फार सावध असावे लागेल. कारण ते अभियंते आणि हिशेबनीस वेळेवर भरपूर पगार घेणारे होते, आणि आमच्या भट्टीवरचा मजूर, पतसंस्थेचा रोजंदारीवरील शिपाई किंवा तासिका तत्त्वावर शिकविणारा शिक्षक यांच्या दृष्टीने ठरलेला पैसा ठरलेल्या दिवशी हाती पडणे हीच पहिली कदर असते. दूध घालणारा शेतकरी डेअरीच्या रकमेला ‘दुधाचा पगार’ म्हणतो. तो पगार दोन आठवडे अडला की मालकाने दिलेल्या शाबासकीचा त्याला संताप येतो, आणि तो संताप रास्त आहे.

या सगळ्या प्रकरणातील जी गोष्ट मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती निराळीच आहे. राबणाऱ्याची प्रेरणा ओळखली जात नाही ही एक आपत्ती. परंतु ती बरोबर ओळखून तिचा गैरफायदा घेतला जातो ही त्याहून मोठी. आशा स्वयंसेविकांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातीलच एक स्त्री निवडून तिच्याकडे गरोदर बायकांची नोंद, त्यांना बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणे, नवजात बाळाच्या घरभेटी, लसीकरण, क्षयरोग्याच्या औषधांचा पाठपुरावा अशी कामे सोपविण्यात आली. तिला कर्मचारी म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे. पगार द्यावयाचा नाही, कामागणिक मोबदला द्यावयाचा. ईटसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा संसार अशाच बायकांच्या पायपिटीवर चालतो. रात्री-अपरात्री वस्तीवरून फोन आला की ती उठते, गाडी बोलावते, सासूची समजूत घालते, आणि बाळंतीण मोकळी होईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहते. हे सगळे ती मोबदल्याच्या त्या रकमेसाठी करीत नाही, हे तिच्या वरिष्ठांनाही ठाऊक आहे. ती पोर आपल्या गावची आहे, तिला काही झाले तर उद्या तिच्या आईला तोंड दाखविता येणार नाही, या भावनेने ती करते. आणि हे ठाऊक असल्यामुळेच तिचे पैसे थकविता येतात, एक नवे सर्वेक्षण तिच्या माथी मारता येते, मोबाइलवर भरावयाचा आणखी एक तक्ता तिच्याकडे पाठविता येतो. ती नाही म्हणणार नाही याची वरच्यांना खात्री असते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा स्वयंसेविकांचा गौरव केला. तो गौरव यथार्थ होता, आणि खेड्यापाड्यांतल्या अनेक बायकांनी त्याची बातमी अभिमानाने घरच्यांना दाखविली असेल. परंतु त्या गौरवाच्या आदल्या वर्षी, साथीचा कहर चालू असताना, जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील याच बायकांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते, आणि त्यानंतरही पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले; मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मान्य केली ती इतक्या खटाटोपानंतर. मान हवा होता, तो मिळाला. पण मानाने रेशन भरता येत नाही. सेवाभाव हा ज्याचा त्याने उचललेला भार आहे, दुसऱ्याने त्याच्या जमाखर्चात धरून वेतनातून वजा करावयाची ती रक्कम नव्हे, हे आपल्या शासनाला, शिक्षणसंस्थांना आणि धर्मादाय रुग्णालयांना कोणी तरी ठणकावून सांगितले पाहिजे. ज्याचा सेवाभाव मोठा त्याला मोबदला थोडा, असा जो विपरीत शिरस्ता पडला आहे, त्याने शेवटी सेवाभावच आटतो; आणि एकदा आटलेला तो भाव कोणत्याही परिपत्रकाने परत येत नाही.

प्रेरणा आणि जुलूम यांतील सीमारेषा या भागात आणखी एका ठिकाणी पुसली गेलेली दिसते. धाराशिव, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जोडप्यांचे तांडे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यापोटी मुकादमाने आगाऊ दिलेली उचल. गळीत हंगाम संपेपर्यंत ती माणसे काळोखात उठून थंडीत पाचट तुडवितात, आजारपणात रजा घेत नाहीत, आणि कारखान्याच्या कागदावर त्यांची कामगिरी उत्तम दिसते. उद्या एखाद्याने या कष्टांवरून असा निष्कर्ष काढला की उचल देण्याने माणसाला कामाची गोडी लागते, तर तो निष्कर्ष क्रूर ठरेल. ती गोडी नव्हे, तो तगादा आहे. फेडता न आलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि माणूस पुन्हा त्याच फडात येतो. म्हणून कोणाला काय राबविते हे पाहताना, तो नाही म्हणू शकतो की नाही हे आधी पाहिले पाहिजे. ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही त्याच्या प्रेरणांची मीमांसा करणे व्यर्थ आहे. त्याला प्रथम मोकळे केले पाहिजे.

सरकारी कचेऱ्यांत हा प्रश्न बदल्यांच्या रूपाने उभा राहतो. भूमसारख्या तालुक्यात नेमणूक म्हणजे शिक्षा, अशी समजूत पुष्कळ कर्मचाऱ्यांत आहे. मुख्यालयी राहण्याचे हुकूम निघतात, आणि मोटारसायकली संध्याकाळी बार्शीच्या नाहीतर धाराशिवच्या रस्त्याला लागतात. यात केवळ कामचुकारपणा पाहणे मला अन्यायाचे वाटते. ज्या शिक्षकाची मुलगी दहावीत आहे त्याला या वर्षी शहराजवळचे घर हवे आहे. तीच मुलगी मार्गी लागल्यावर, चार वर्षांनी, तोच शिक्षक एखाद्या वस्तीशाळेत मनासारखे प्रयोग करावयास आनंदाने येईल, पण त्या वेळी त्याला कोणी विचारणार नाही. माणसाची ओढ वयाबरोबर, घरच्या अडचणींबरोबर पालटते; आपल्या सेवापुस्तकात मात्र नेमणूक, वेतनवाढ, रजा आणि शिक्षा यांचीच नोंद होत राहते. गोपनीय अहवालात वरिष्ठाने कनिष्ठाविषयी लिहावयाचे पुष्कळ असते. तुला कोणते काम मनापासून करावेसे वाटते, आणि कशामुळे तुझा जीव नकोसा होतो, हे दोन प्रश्न समोर बसवून विचारण्याची चाल आपल्या दफ्तरांत क्वचितच आढळते. ते विचारावयाला मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. वेळ लागतो, आणि ऐकलेल्या उत्तरावर काही करावे लागेल याची तयारी लागते; बहुधा या दुसऱ्या गोष्टीलाच वरिष्ठ कचरत असावेत.

प्रत्येकाचे सगळे मागणे पुरविता येत नाही, हे उघड आहे. ईटजवळच्या भट्टीवरील त्या बाईला शाळेच्या वेळी सोडले तर गोळे बांधावयाला दुसरे कोणी लागेल. जुन्या कारागिराला त्याच्या गतीने काम करू दिले तर दिवसाच्या कढया कमी होतील. पण मालकाने आधी विचारले असते तर त्या कारागिराच्या कढईचा खवा निराळा ठेवून चांगल्या हलवायांना दोन पैसे अधिक घेऊन देता आला असता, तरण्या पोराला जादा कढया आणि बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता करून मिळाला असता, आणि बाईचे काम सकाळी तासभर लवकर सुरू करून भागले असते. यांतले काहीही अवघड नव्हते. श्रावण लागला की खव्याची मागणी चढू लागते. भट्टीवाल्यांनी त्यापूर्वी, आषाढातच, आपल्या माणसांशी एकेकट्याने बोलून घ्यावे, आणि त्या बोलण्यात मागची काही बाकी राहिली असेल तर ती प्रथम हातावर ठेवावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी तर एक साधी गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. आशा स्वयंसेविकांची मासिक बैठक होते तेव्हा सामान्यतः उद्दिष्टांचे आकडे वाचून दाखविले जातात, मागे पडलेल्या गावांना जाब विचारला जातो, आणि बायका शेवटच्या गाडीच्या घाईने उठून जातात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बैठकीचा पहिला अर्धा तास त्यांना द्यावा. कोणाचा कोणता मोबदला किती महिन्यांपासून अडला आहे हे तिथेच लिहून घ्यावे, ते तालुक्याला कोणत्या तारखेला कळविले हे पुढच्या बैठकीत सांगावे, आणि ज्या बाईने गेल्या महिन्यात एखादे अवघड बाळंतपण निभावून नेले तिला ते सर्वांसमक्ष, तिच्या शब्दांत, सांगू द्यावे. आकडे त्यानंतर वाचावेत.